घरात किती माणसं?

रत्नागिरीत, राजिवड्याच्या खालच्या अंगाला, खाडीकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या पाखाडीच्या टोकाशी मरियमचं घर होतं. जांभ्या दगडाचं, पुढे पडवी, मागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराला एक रुंद खिडकी. खिडकीतून भाट्याची खाडी दिसायची, पूल दिसायचा, पलीकडचं सुरूचं बन दिसायचं. ओहोटीला होड्या चिखलात कलंडून पडायच्या, भरती आली की पुन्हा उठून उभ्या राहायच्या. मरियमला या खिडकीचं कौतुक असं कधी नव्हतं. ते तिला शिकवलं परमुलखातल्या बायकांनी.

नवरा अझीम मस्कतला. तो रमजानला सुट्टीवर आला तेव्हा येताना संगणक घेऊन आला होता. सासू हमीदा ही तिची सख्खी खाला, म्हणजे मावशी, त्यामुळे लग्नानंतरही मरियम तिला खालाच म्हणायची. मुलगी झारा चौथीत. घरात या तिघीच. दुपारी जेवणं आटपली, खाला पडवीत आडवी झाली, की मरियम माजघरात संगणकापुढे बसायची आणि फोनची तार त्याला जोडायची. मोडेम किंचाळायला लागला की खाला कूस बदलत म्हणायची, लागली तुझी कोल्हेकुई.

मरियम रत्नागिरीच्याच कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी.ए. झाली होती. ते इंग्रजी लग्नानंतर पेटीत घातलेल्या शालूसारखं पडून राहिलं होतं. त्याला हवा मिळाली ती इंटरनेटवरच्या या दुपारच्या गटात. न्यूझीलंडच्या बेथ नावाच्या बाईने तो सुरू केलेला. नियम एवढाच, की आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी आज जे घडलं ते लिहायचं. मोठ्या बातम्या नकोत, उपदेश नकोत. मरियम लिहायची, आज मिरकरवाड्याची सखू कर्ली घेऊन आली, काटे काढता काढता दुपार झाली. चिलीची रोझा लिहायची, आमच्या उतरणीवर वाऱ्याने शेजारणीची चादर थेट आमच्या अंगणात आणून टाकली. नॉर्वेच्या एका बेटावर राहणारी इंगर लिहायची ती मुख्यतः आर्नेबद्दल. आर्ने तिचा नवरा. तो ओले मोजे शेगडीवर वाळत टाकायचा आणि विसरायचा, घरभर जळकट वास सुटायचा. उकडलेला मासा पुढे आला की तो लहान मुलासारखं तोंड करायचा. वर्षभर हे वाचून वाचून मरियमला शेजारच्या घरातल्या माणसांपेक्षा आर्ने जास्त ठाऊक झाला होता.

दोन हजार दोनच्या ऑक्टोबरात इंगरने लिहिलं, की आज दारात एक बाई आली होती. राखी कोट, रिकामे हात. बाहेर पाऊस चालू होता, पण तिचा कोट कोरडा होता. तिने विचारलं, घरात किती माणसं? इंगरचे हात पिठात होते. आर्ने होडी घेऊन गेलेला. ती म्हणाली, सध्या मी एकटीच. बाईने मान हलवली आणि गेली. इंगरला एवढंच विचित्र वाटलं, की उत्तर ऐकताना बाई तिच्याकडे बघत नव्हती. तिच्या खांद्यावरून घरात बघत होती.

त्यानंतरही इंगर नेमाने लिहीत राहिली. बर्फ, पाव, मांजर, अंधार. आर्ने मात्र तिच्या लिहिण्यातून गेला. मरियमला वाटलं, नवराबायकोत काही बिनसलं असेल. पंधरवड्याने तिने न राहवून विचारलं, आर्ने बरा आहे ना? इंगरचं उत्तर आलं, आर्ने कोण? मी तर आई गेल्यापासून या घरात एकटीच राहते.

सगळ्यांनी ते थट्टेवारी नेलं. मग बेथने इंगरची जुनी पत्रं काढून तिला पाठवली, त्यात पानोपान आर्ने होता. इंगरने लिहिलं, ही भाषा माझी दिसते खरी, पण हे मी लिहिलेलं नाही. कुणी रचलं असेल तर छान रचलंय. त्यात राग नव्हता, दुःख नव्हतं, आणि मरियम अस्वस्थ झाली ती त्यामुळेच. दुःख लपवणारं माणूस कुठेतरी अडखळतं. इंगर कुठेच अडखळत नव्हती.

मरियमने स्वतःची समजूत घातली, की नवरा समुद्रात बुडाला असेल आणि बाईच्या डोक्यावर परिणाम झाला असेल. पालीला तिच्या ओळखीत एकीचं तसं झालं होतं. माणसाचं मन काय, फार दुखलं की दार लावून घेतं.

मग डिसेंबरात ती बाई बेथकडे आली.

बेथने ते सहज लिहिलं होतं, चार ओळींत. डोक्यावर उन्हाची टोपी घातलेली एक बाई फाटकाशी आली होती, तिने घरात किती माणसं म्हणून विचारलं. बेथ मुलांना शाळेतून आणायच्या घाईत होती. ती म्हणाली, मी आणि माझी दोन मुलं. गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की बाबांना मोजायचं राहिलंच. तिचे म्हातारे वडील मागच्या खोलीत झोपले होते. ते कुंड्यांत टोमॅटो लावायचे आणि नातवंडांशी पत्ते खेळताना लबाडी करायचे. बेथने पुढे हसण्याची खूण टाकली होती.

मरियमने ते दोनदा वाचलं. तिने त्याच दुपारी लिहिलं, बेथ, मागच्या खोलीत जाऊन बघ.

दुसऱ्या दिवशी बेथचं उत्तर आलं. मागच्या खोलीत बघितलं. नेहमीसारखीच आहे, खोकी आणि जुनी सायकल. का गं?

त्यानंतर गटात कुणी फारसं लिहीना. इंगर आणि बेथ लिहायच्या, पण त्यांचं वाचताना मरियमला परक्याच्या घरात चोरून शिरल्यासारखं व्हायचं. खरं बोलणं उरलं ते तिचं आणि रोझाचं. दोघींनी आपसांत ठरवलं, की दारात कुणी आलं तर उत्तर द्यायचं नाही, आणि द्यावंच लागलं तर एकालाही सोडायचं नाही. जो मोजायचा राहतो तो जातो, एवढं दोघींना कळलं होतं. का जातो आणि कुठे जातो, हे एकमेकींना विचारायची हिंमत दोघींत नव्हती.

खालेला हे समजावणं अवघड होतं. मरियमने तिला इतकंच सांगितलं, की हल्ली भुरट्या बायका फिरतात, दारात येऊन घरातल्या माणसांची चौकशी करतात, त्यांना काही सांगू नका. खालेने हो म्हटलं. पण खाला जन्मभर दारात आलेल्याला पाणी विचारत आली होती.

जानेवारीत मोहोराचा वास पाखाडीपर्यंत उतरला होता. मरियम दळण आणायला गेली होती. डबा डोक्यावर घेऊन ती उतरत होती तेव्हा सखू पायऱ्यांवर मासळीची पाटी घेऊन नेहमीच्या जागी बसली होती. घरी आली तर खाला पडवीत सुपारी कातरत बसली होती. समोर पाण्याचा तांब्या होता, भरलेलाच.

"कोण आलेला?" मरियमने विचारलं.

"एक बाई आलेली. पाणी दिला, तर घेतला नाय तिनं. चांगली होती गो. आपल्यातलीच वाटली, बोलणासुद्धा आपल्यासारखाच."

मरियमने डबा खाली ठेवला. "काय विचारीत होती?"

"घरात किती माणसं. मी सांगितला, आम्ही तिघी." खालेने सुपारी तोंडात टाकली. "खरा तेच सांगितला. त्यात काय लपवायचा?"

मरियम उलट्या पावली पाखाडीवर गेली. सखूला तिने विचारलं, आत्ता इथून कोण बाई गेली का? सखूने मान हलवली. झारा शाळेत गेल्यापासून ती तिथेच बसली होती. खाली उतरायला दुसरी वाट नव्हती, आणि त्या वाटेने मरियमखेरीज कुणी उतरलं नव्हतं की चढलं नव्हतं.

पायरीवर उभ्याउभ्याच मरियमने मोजलं. मी, खाला, झारा. झाल्या तिघी. आणि मग तिला आठवलं. अझीम.

घरच्या फोनवरून मस्कत लागत नसे. ती तशीच धावत वरच्या रस्त्यावरच्या बूथवर गेली. पायात चप्पल नव्हती, हे तिला बूथमध्ये शिरल्यावर कळलं. अझीमचा नंबर तिच्या बोटांना पाठ होता, ती तो मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत होती. विसरला तर, या भीतीने. अझीम हे नावही म्हणत होती. पलीकडे घंटी वाजत राहिली.

"हॅलो."

"अझीम," ती म्हणाली.

"कोण? मरियम? काय झाला गो? आई बरी हाय ना?"

सगळं बरं आहे, सहज केला, असं ती म्हणाली. तिचा आवाज रडका झाला होता आणि तिला हसूही येत होतं. अझीम होता. त्याला ती माहीत होती, आई माहीत होती, घर माहीत होतं. तो दमलेला होता, कामावरून नुकताच आला होता. तिथे थंडी पडलीय, म्हणाला. मग म्हणाला, पोरांना दे जरा फोन.

"झारा शाळेत हाय. मी बूथवरून बोलत्ये."

"बरा. आणि तो..." अझीम थांबला. "कायतरी विचारायचा होता. आत्ता तोंडात होता बघ."

"काय?"

"विसरलो," तो म्हणाला. "जाऊं दे. आठवला की सांगतो."

मरियम घरी आली. संध्याकाळी तिने झाराला जवळ घेतलं, इतका वेळ, की झारा अवघडून सुटली. रात्री तिने खालेच्या आवडीचं सांदण केलं. अरिष्ट दारापर्यंत येऊन परत गेलं होतं. झोपण्यापूर्वी तिने रोझाला लिहून टाकलं, की ती आली होती, खालेने तिघी म्हणून सांगितलं, पण अझीम सुखरूप आहे, आम्ही सगळे आहोत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने तार जोडली. रोझाचं उत्तर येऊन पडलं होतं.

देवाची कृपा, रोझाने लिहिलं होतं. पण मरियम, तिघी कशा? उमेर कुठे आहे?

मरियमला वाटलं, रोझा कुणाशी तरी घोटाळा करतेय. तिने विचारलं, कोण उमेर?

चिलीत तेव्हा पहाट. पण रोझा जागीच असावी, कारण तिचं उत्तर लगेच आलं. तिने स्वतःचं असं काहीच लिहिलं नव्हतं. मरियमची जुनी पत्रं होती, एकाखाली एक. उमेरचा पुढचा दात पडला, तो त्याने कौलांवर फेकला. उमेरला कर्लीचे काटे काढून दिले तरी तो बहिणीकडूनच पुन्हा तपासून घेतो. उमेरला यंदा पहिलीत घातला. इंग्रजीत मरियम नेहमी जिथे चुकायची, तिथेच ती पत्रं चुकली होती.

शेवटी रोझाची एकच ओळ. तुझा मुलगा, मरियम.

ती उठली. तिने कपाट उघडलं, पेटी उघडली, पलंगाखाली बघितलं, पडवीतल्या चपला बघितल्या. काही जास्तीचं नव्हतं. ईदला काढलेला फोटो भिंतीवर होता. त्यात खाला, ती स्वतः, अझीम आणि झारा, सगळे नीट दाटीवाटीने उभे.

"खाला," तिने विचारलं, "उमेर कोण?"

खालेने थोडा विचार केला. "कुठचा उमेर?"

मरियम भिंतीला टेकून बसली. आता रडू यायला हवं, हे तिला समजत होतं. तिने ते नाव तोंडाने म्हणून पाहिलं, दोनदा, तीनदा. आत काहीच हललं नाही. कुणा लांबच्या गावातलं पोर गेल्याचं कानावर यावं, तितकंच. ती स्वतःलाच भ्याली.

संगणक तसाच चालू होता. ती त्याच्याकडे वळली नाही.

शाळा सुटायच्या वेळेला ती अंगणाच्या बेड्याशी येऊन उभी राहिली. झारा पाखाडी उतरताना दिसली. पाखाडी मोकळी होती, वर खाली कुणी नव्हतं. तरी झारा दगडी गडग्याला अंग घासत, एका कडेने उतरत होती. दप्तर तिने गडग्याकडच्या खांद्यावर घेतलं होतं, दुसरा हात मोकळा होता.

बेड्याशी आल्यावर तिने बांबूचं बेडं उघडलं, आत आली, आणि ते धरून उभी राहिली. मग हळूच लावलं.

"कुणासाठी धरलंस गो?" मरियमने विचारलं.

झाराने वळून रिकाम्या पाखाडीकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताकडे.

"ठाव नाय," ती म्हणाली. "सवय हाय."