पुढचा डावा

टायरच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. नक्षीच्या खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बदलायचा, मग तो दिसायला कितीही धडधाकट असो. "एवढं बारकाईने माझ्याकडे कधी बघितलं नाहीत," असं बायको म्हणते. नवा टायर बसवला की त्याची जागाही मी त्यावर लिहितो, म्हणजे पुढे अदलाबदल करताना घोळ होत नाही. 'पु. डा.' म्हणजे पुढचा डावा. त्यासाठी लेकीने माहेरी टाकलेली लाल नेलपॉलिशची बाटली गाडीतच असते. "बाबा, चाकांची नखं रंगवून झाली का?" असं विचारून लेक माझी यथेच्छ टिंगल करते.

त्या दिवशी तिच्याकडेच निघालो होतो. पहिलं बाळंतपण, जावई बोटीवर, आणि रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी तिला आधीच दाखल करून घेतलेलं. "मला एकटीला आत नेऊ देऊ नका," एवढंच ती सकाळी फोनवर म्हणाली. टायर आदल्याच दिवशी नवे घातले होते. नव्या रबरावर असतात ते बारीक केससुद्धा अजून गेले नव्हते.

रस्ता सोपा आणि पायाखालचा. उजवीकडे कालवा, डावीकडे कापणी झालेली शेतं. बायको खिडकीबाहेर बघत गप्प बसली होती. मला वाटलं, काळजीत आहे. कालव्याच्या वळणावर ब्रेक दाबला आणि कोरड्या ठणठणीत रस्त्यावर गाडी साबणावरून सरकावी तशी सरकली. कठड्यापासून वीतभर अलीकडे थांबली. बायकोने साधं "अगं बाई"सुद्धा म्हटलं नाही.

वळणापुढेच एक टायरचं दुकान होतं. पत्र्याची शेड, हवा भरायच्या मशिनची धडधड, जळक्या रबराचा वास. टायरवाला पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि त्याने टायरवरून तळहात फिरवला.

"संपलेत."

"संपलेत काय? काल घातलेत!"

"हात लावून बघा," तो वर न बघता म्हणाला.

मी हात लावला. नक्षी उंचवट्यांना टेकली होती. चारही टायर तसेच. कुणीतरी जुने टायर माझ्या गळ्यात मारले, असं आधी मनात आलं. पण मग माझं अक्षर दिसलं. पु. डा. रंग विटून फिकट गुलाबी झाला होता. झीज चारही चाकांना सारखी होती, काळजी घेणाऱ्या माणसाने वर्षानुवर्षं चालवल्यासारखी. निघताना मी ट्रिप मीटर शून्यावर आणला होता. तो फक्त सकाळपासूनचं अंतर दाखवत होता.

टायरवाल्याने आतून चार नवे टायर आणले.

"साइज विचारली नाहीत?"

"तुमचेच आहेत," तो म्हणाला आणि जॅक लावू लागला.

हात धुवायला मी शेडच्या मागे गेलो. तिथे कालव्यापर्यंत जुन्या टायरांचा ढीग पसरला होता, माझ्या डोक्याहून उंच. वरचे उन्हाने तडकलेले, खालच्यांमधून गवत वाढलेलं. एकावर गुलाबी डाग दिसला म्हणून वाकलो.

पु. डा.

शेजारच्यावर मा. उ. त्याच्याखाली पुन्हा पु. डा. माझा 'डा'चा काना जरा लांबतो. सगळ्यांचा लांबला होता.

हात न धुताच परत आलो.

"मागे फिरू या," मी बायकोला म्हणालो.

"मग तिच्यापाशी कोण?"

टायर बसले. मी बाटली काढली आणि चारही चाकांवर लिहिलं. लिहू नये, हे कळत होतं. हात थांबला नाही.

गाडी निघाली. उजवीकडे कालवा, डावीकडे शेतं. ऊन होतं तिथेच होतं. ॲक्सिलरेटरचं रबर माझ्या बुटाच्या आकारात झिजून आतलं लोखंड उघडं पडलं होतं. सकाळी ते तसं होतं का, आठवेना.

फोन वाजला. मी स्पीकरवर घेतला.

"बाबा, कुठपर्यंत आलात?"

"आलोच बाळा, कालवा संपला की..."

शेजारी बायकोचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. माझेच शब्द होते.

मी मध्येच गप्प झालो. तिचे ओठ थांबले नाहीत. त्यांनी माझं वाक्य पुरं केलं. मग ते जरा थांबले आणि पुन्हा हलले.

मला आत नेतायत, बाबा.

त्यानंतर फोनमधून लेकीच्या आवाजात तेच शब्द आले.