जड झाली की थांबायचं

चैत्र लागला आणि शालिकराम गावभर दोन वाकड्या फळ्या शोधत हिंडू लागला. सरळ फळ्या कोणीही दिल्या असत्या. त्याला पुढच्या टोकाला वर वळलेल्या हव्या होत्या, जोड्याच्या चोचीसारख्या. "कुनब्याले आता मासे धराचे हायेत," म्हणून पारावरची माणसं हसत होती. हसणाऱ्यांना हसू द्यावं. त्यांच्या घरात सातवा महिना चालू नव्हता.

त्या वर्षांत साता समुद्रापलीकडे कुणाची तरी आपसात लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. जो तो ज्वारी सोडून कापूस पेरी. रुपये आले, धान्य महागलं, आणि रुपया चावून पोट भरत नाही हे गावाला उशिरा कळलं. सुतार कापूस वाहायच्या बैलबंड्या बनवण्यात गुंतलेले. भोईपुऱ्यातले भोई घरांना कड्या लावून मूर्तिजापूरकडे आगगाडीच्या रस्त्यावर माती टाकायला गेलेले. पातूरच्या वाटेवरच्या त्या गावाला तलाव होता, तलावात मासे होते, आणि धरणारं कोणी उरलं नव्हतं.

शालिकरामच्या बायकोचे, सुभद्राचे, आधीचे दोन्ही गर्भ पोटातच गेले होते. यंदा तिचे गाल बसले, हातापायांच्या काड्या झाल्या. गंगूबाई सुईण तिच्या पोटावरून हात फिरवून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "शालिक, इच्या अंगात जीव नाई राहिला. मरळ मासा आन. रोज रस्सा पाज. नाई त यंदा लेकरू बी जाईन अन् माय बी जाईन."

मरळ काठाला येत नाही. चैत्रात तलाव आटतो आणि काठ ते पाणी यांच्यामध्ये काळ्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. वरून तो वाळलेला दिसतो. पण ती तव्यावरच्या भाकरीसारखी गंमत आहे: वर पापुद्रा, खाली ओलं पीठ. नुसता माणूस जपून चालला तर पापुद्रा धरतो. डोक्यावर जाळं, हंडा, टोपली घेतली की फुटतो, आणि मग माणूस वर येत नाही. म्हणून भोई आपलं सामान घसरगाडीवर ठेवून दोरानं ओढत नेत. तिला चाकं नसतात. खाली दोन लांब फळ्या असतात, भार पसरतो, गाळ तो सोसतो. शालिकरामनं ती लहानपणापासून काठावरून पाहिली होती. काठावरून सगळंच सोपं दिसतं.

वाकड्या फळ्या मिळेनात तेव्हा त्यानं बाभळीच्या सरळच फळ्या तासल्या, त्यांवर आडवे दांडे लाकडी खुंट्यांनी ठोकून बसवले, दांड्यांवर बांबूच्या कामट्या अंबाडीच्या दोरीनं आवळल्या. फळ्यांच्या तळाला जवसाचं तेल चोपडलं. अंगणात गाडी झकास घसरली. गाळावर पहिल्याच हिसक्याला सरळ टोकं खाली रुतली आणि शालिकराम तोंडावर आपटला. घरी आल्यावर सुभद्रा किती तरी दिवसांनी पोट धरून हसली. मग त्यानं ओल्या फळ्या जाळावर धरून वाकवायला घेतल्या. दोन्ही कडाडून मोडल्या.

शेवटी तो भोईपुऱ्यात गेला. तिथे एकच चूल पेटत होती, पार्वताबाईची. तिचा नवरा पुंजाजी काही वर्षांपूर्वी ह्याच गाळात गेला होता. त्याची घसरगाडी काठाजवळ सापडली, तो सापडला नाही. त्या गाडीच्या फळ्या म्हातारीनं छपरावर टाकून ठेवल्या होत्या.

शालिकरामनं कशासाठी हव्यात ते सांगितलं. म्हातारीनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"पोटुशी बाई हाय म्हन्तो?"

"हाव, काकू."

"मंग ने. जाळं बी ने. मले मासा नोको, काई नोको. वापस आला का पयले मले येऊन भेट. येवढंच."

भूत रात्रीच निघतं असं ज्यांनी ठरवलं, त्यांनी वऱ्हाडातली चैत्राची दुपार पाहिलेली नसावी. झाडाची सावली झाडाखालीच दडते, पाखरू बोलत नाही, आणि आपल्याच श्वासाचा आवाज मागून आल्यासारखा वाटतो. अशा वेळी शालिकराम गाळावर उतरला. एका खांद्यावर दोर, हातात चाचपायला बांबू. पुंजाजीच्या फळ्या पापुद्र्यावरून सुळकन निघाल्या, जणू त्यांना वाट पाठ होती. कुजलेल्या शेवाळाचा वास नाकात बसला. पाण्याशी पोचून त्यानं जाळं फेकलं. दहा वेळा वेडंवाकडं पडलं, नंतर कधी तरी नीट पडलं, आणि हातभर लांबीची मरळ त्यात उसळली. त्यानं ती हंड्यात घातली. ह्या आनंदात पश्चिमेकडे आभाळ पिवळं झालेलं त्याच्या ध्यानात आलं नाही.

अर्ध्या वाटेवर धुळीचं वावधन सुटलं. शेतांतली सगळी उकरलेली माती वाऱ्यावर चढून तलावावर आली. सूर्य तांब्याच्या ताटलीएवढा झाला, मग तोही गेला. काठ दिसेना, मागचं पाणी दिसेना, हातातल्या बांबूचं टोक दिसेना. भर दुपारी असा अंधार त्यानं कधी पाहिला नव्हता. काठ समोरच आहे असं मनाशी धरून त्यानं दोर ओढला.

गाडी हलली नाही.

फळी रुतली असेल म्हणून त्यानं जोर लावला. मागे कामट्या कुरकुरल्या... एकदा, मग पुन्हा, माणूस बसल्या जागी सरकून नीट बसतो तशा. वाऱ्याबरोबर भिजलेल्या जाळ्याचा आणि चघळलेल्या तंबाखूचा वास आला. शालिकराम तंबाखू खात नसे.

"कोन हाय?"

हंड्यातल्या मरळीची तडफड एकाएकी थांबली.

"कोन बसलं मागं?... बोला ना..."

 वळून पाहायची त्याची छाती झाली नाही. त्याला पळायचं होतं. दोर टाकून पुढे पाऊल उचलणार, तेवढ्यात सवयीनं त्यानं बांबू पुढे टेकला. बांबू टेकलाच नाही. आवाज न करता तो आत जात राहिला आणि मुठीपर्यंत गेला. पुढे पापुद्रा नव्हता. वाळलेली धूळ नुसती गाळावर तरंगत होती.

शालिकरामनं बांबू उपसून काढला. तो बाजूला वळला. दोर सैल झाला, गाडी आपसूक मागे आली, हलकी. काही पावलांनी पुन्हा जड झाली. तो थांबला, दुसरीकडे वळला, हलकी झाली. मग त्यानं विचार करणं सोडून दिलं. जड झाली की थांबायचं, हलकी होईल तिकडे चालायचं. डोळे मिटून घेतले तरी चाललं असतं, आणि खरं तर त्यानं ते मिटलेलेच होते. पायांना कडक माती लागली तेव्हा गाडी एका अंगाला कलली आणि सावरली, कोणी उतरल्यासारखी. वळून न पाहताच त्यानं हात जोडले. त्याला रडू फुटलं, आणि ते भीतीचं नव्हतं.

पार्वताबाई त्या धुळीत काठावर बसून होती.

"सगळ्यात जड कुठी झाली?" तिनं विचारलं.

शालिकरामनं तिच्याकडे पाहिलं. तिला काही सांगायची गरज नव्हती. धूळ बसू लागली होती. गाळावर गाडीच्या रेघा जिथे पहिल्यांदा वळल्या होत्या ती जागा त्यानं बोटानं दाखवली, काठावरच्या चिंचेच्या समोर, पाण्याच्या अलीकडे. म्हातारी उठली, त्या दिशेला तोंड करून पुन्हा खाली बसली आणि तिनं जमिनीला डोकं टेकलं.

"इतके सालं झाले, कोन्या बाजूले दिवा दाखवू ते मले मालूम नोतं," ती म्हणाली. "तुये उपकार झाले, बाप्पा."

उपकार कोणाचे कोणावर! त्यानं मरळीचा अर्धा तुकडा तिच्या पदरात घातला आणि पुढे प्रत्येक वेळी घालत राहिला. वैशाख संपेपर्यंत तो गाळावर जात होता. गाडी जड व्हायची तिथे थांबत होता. सुभद्राच्या गालांवर मांस चढलं.

जेठात ती बाळंत झाली. मुलगी. पण मुलगी रडली नाही. गंगूबाईनं तिचे तळपाय चोळले, तोंडात फुंकर घातली, पाठीवर थापट्या मारल्या. काळंनिळं अंग तसंच राहिलं. गंगूबाईनंच मग मुलीला फडक्यात गुंडाळून सुपात ठेवलं आणि सूप दाराशी सरकवलं.

"घे, लेका. मायले शुद्ध नाई तवरच घेऊन जाय."

शालिकराम वाकला. त्यानं दोन्ही हातांनी सूप धरलं. ते उचललं गेलं नाही. दुःखानं हात गळाले असतील म्हणून गंगूबाईनं दुसरी बाजू धरली. बांबूच्या कामट्या कुरकुरल्या, सूप भुईला चिकटून राहिलं. गंगूबाईनं हात काढून घेतला आणि ती भिंतीला टेकली.

"शालिक... हे काय हाय?"

शालिकराम मात्र गदगदून हसत होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते वजन त्याच्या खांद्याच्या ओळखीचं होतं.

"थांब, गंगूमाय. जड झाली का थांबा लागते."

दोघं सुपापाशी बसून राहिली. किती वेळ, ते त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. मग सुपातलं फडकं हललं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं रडणं आलं. शालिकरामनं सूप उचललं तर ते कापसाच्या बोंडाएवढं हलकं होतं.

मुलीचं नाव पुंजाबाई ठेवलं. कुणब्याच्या घरात भोयाचं नाव काहून, म्हणून भाऊबंदांनी नाकं मुरडली. पार्वताबाईनं बारशाला येऊन ते तिच्या कानात सांगितलं. घसरगाडी शालिकरामनं घरातच आढ्याला टांगून ठेवली. सुभद्रा दर अमावास्येला तिला कुंकू लावी.

पुंजा कडेवर बसू लागली तेव्हा एकदा दोघं तिला घेऊन पातूरला निघाली. उंबऱ्यातच सुभद्राची कंबर वाकली. "अवो, जड झाली." दोघं मागे फिरली, बैल सोडले. त्या दिवशी वाटेवर काहीच घडलं नाही, पण शालिकरामनं आढ्याकडे बघून हात जोडले. कशातून वाचलो हे कळलं नाही म्हणून उपकार कमी होत नाहीत.

आणि मग पौषातली ती संध्याकाळ आली. कापूस वेचून घरात पडला होता, दिवा नुकताच लावला होता. सुभद्रा भिंतीला टेकून मुलीला पाजत होती.

"अवो," ती म्हणाली, "पुंजा जड झाली."

"कुठी चालली तू?"

"मी कुठी चालली? बसलीच हाये ना..."

तिच्या मांड्या भुईला दाबल्या जात होत्या. मुलगी शांत दूध पीत होती. शालिकराम उठायला गेला आणि थांबला. बाहेरून आवाज येत होता. तेल लावलेलं लाकूड मातीवरून सरकतं तसा, सुर्र... सुर्र... त्यानं आढ्याकडे पाहिलं. घसरगाडी तिथेच टांगलेली होती.

आवाज गल्लीतून आला, अंगणात वळला, दारापाशी थांबला. ओल्या गाळाचा वास दाराखालून आत शिरला. दिव्याची ज्योत दाराकडे वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"बोलू नोको," शालिकराम पुटपुटला. "हलू नोको... थांब."

बाहेर बराच वेळ काही नव्हतं. मग सुभद्रानं एकदम श्वास घेतला.

"हलकी झाली..."

दाराबाहेर कामट्या कुरकुरल्या. एकदा, मग पुन्हा. आवाज अंगणातून वळला, गल्लीतून तलावाकडे गेला आणि ऐकू येईनासा झाला.

सकाळी शालिकरामनं दार उघडलं. कोरड्या अंगणात काळ्या, ओल्या गाळाच्या रेघा होत्या, दोन येतानाच्या आणि दोन जातानाच्या. ओढणाऱ्याची पावलं कुठेच नव्हती. येतानाच्या रेघा उथळ होत्या. जातानाच्या बोटभर खोल होत्या, गाडीवर माणूस बसवून नेल्यासारख्या. त्यानं घरात पाहिलं. बायको होती, मुलगी होती, घरातलं कोणीही कमी झालं नव्हतं.

त्याला कळायचं ते कळलं: गाळातली ती गाडी पुंजाला न्यायला आली होती, आणि तिच्या जागी पुंजाजी बसून गेला होता. तो त्या रेघांशी गुडघे टेकून बसला आणि भुईला डोकं लावून लेकरासारखा रडला. सुभद्रा मुलीला घेऊन मागे उभी राहिली. तिनंही पदर पसरून नमस्कार केला.

त्या संध्याकाळनंतर पुंजा कधी जड झाली नाही. सुभद्रा पुढेही घराबाहेर पडताना तिला आधी उंबऱ्यात उचलून बघायची, क्षणभर तशीच धरून ठेवायची. दर वेळी ती हलकीच लागायची.