कॉनारे राजाची तहान

खिडकीतली वाटी भरलीत ना? मग बसा. हसू नका रे, मॅलकीही असाच हसला होता.

आपल्या पलीकडच्या घरातला मॅलकी. तीन वर्षांमागची गोष्ट. रात्र आजचीच, ऑक्टोबरची शेवटची. त्याची पोरगी सोरखा, सहा वर्षांची, आत्याकडे गेली होती. तिला आणायला हा निघाला, तशी बायको नूला म्हणाली, "आधी वाटीत पाणी घाल. राजासाठी."

"एवढा पाऊस पडतोय! तुझा राजा आ करून पिईल की!" म्हणाला, आणि गेला.

जुन्या काळच्या त्या कॉनारे राजाला बंधन होतं, तीन तांबड्या स्वारांच्या मागून जायचं नाही. तरी तो गेला. याच खोऱ्यातल्या पांथशाळेत शत्रूंनी त्याला आगीत कोंडलं. पाणी पाणी करत होता बिचारा. डॉडर नदीनं थेंब दिला नाही. शेवटी मुंडकंच उडवलं त्याचं. म्हणून या रात्री ही वाटी.

तर मॅलकी पोरीला घेऊन परत निघाला, तेव्हा अकरा वाजले होते. पोरगी गाडीत मागच्या सीटवर. बोहरनब्रीनाच्या चढावर पुढे तीन स्वार. घोडे तांबडे, झगे तांबडे, केस तांबडे. याला वाटलं, सणाची सोंगं घेतलेली टवाळ पोरं. हॉर्न दिला. कोणी वळून पाहिलं नाही. टापांचा आवाजही नव्हता.

आपल्याकडचा शहाणा माणूस तिथूनच माघारी फिरतो. हा मागोमाग गेला.

पूल आला. पाऊस चालूच. पण खाली नदी गप्प...

"बाबा, काकांना माझ्या बाटलीतलं पाणी देऊ?"

"कुठल्या काकांना?"

"माझ्या शेजारच्या."

आरशात अंधार. मान वळवायची छाती होईना. मागे कोणीतरी घटाघटा पीत होतं.

"बाबा, सगळं खाली सांडतंय."

"...दे बाळा. देत राहा."

"यांना पोटच नाही, बाबा. नुसतं डोकं आहे."

स्वार याच्याच घराच्या फाटकातून आत वळले. दिसेनासे झाले. मॅलकीनं गाडी अंगणात थांबवली, उडी मारून उतरला. मागचं दार ओढलं. उघडेना. काचेवर दगड घातला. फुटेना. आत पोरगी रडायला लागली.

"बाबा, बाटली संपली... ते अजून मागतायत... माझ्याकडे बघतायत..."

"नूला! वाटी! वाटी भर गं!"

नूलानं खिडकीतल्या वाटीत पाणी ओतलं.

दार उघडलं. सोरखा एकटीच होती.

पोरगी ठणठणीत आहे, देवाची कृपा. गाडी मात्र तेव्हापासून तिथंच उभी आहे, अंगणात. तीन उन्हाळे गेले. परवा मी मागच्या सीटला हात लावला...

ओली होती.