चौथा भाग रुपाचा

रुपा आणि जगन पहिल्यांदा भेटले ते चुकीच्या वर्गात. शहापूरच्या अभ्यास केंद्रातला तो पहिलाच रविवार. डोळखांबकडच्या पाड्यावरून धावतपळत आलेली रुपा शेवटच्या बाकावर टेकली. शेजारी मुरबाडचा एक उंच मुलगा बसला होता. फळ्यावर जमाखर्च चालला होता, आणि या दोघांना शिकायचं होतं समाजशास्त्र! पण भर वर्गातून उठायचं कुणी?

"तुमचा पण ह्योच विषय?" त्यानं हळूच विचारलं.

"नाय... तुमी बसलाय म्हणून मी बसले."

"आणि मी तुमाला बघून थांबलो!"

दोघांना हसू आवरेना. शेवटी त्या वर्गाच्या सरांनीच त्यांना बाहेर काढलं आणि त्यांची सुटका झाली.

बरोबरच्या वर्गात गेल्यावर दोघं एकाच गटात आली. सोबत आसनगावची काजल आणि कसाऱ्याला रेल्वेत कामाला असलेला सुरेंद्र. प्रकल्प होता मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या यात्रेतल्या बाजारावर, प्रत्येकानं एक भाग लिहायचा. चौघं चार दिशांना, भेटणार कधी? म्हणून सरांनी इंटरनेटवर एक सामाईक फाईल करून दिली. ज्यानं त्यानं जवळच्या सायबर कॅफेत बसून लिहायचं, ते बाकीच्यांना लगेच दिसायचं. मुरबाडला जगननं लिहिलेली ओळ शहापूरला आपल्यासमोर उमटते याचं रुपाला भारी अप्रूप वाटे. जगनच्या ओळी ती जरा जास्तच वेळ वाचायची... पण हे काजललासुद्धा तिनं कधी सांगितलं नाही.

दिवाळी झाली आणि घराला कुलूप लागलं. दरवर्षीसारखं सगळं बिऱ्हाड भिवंडीकडे वीटभट्टीवर निघालं. "यंदा हात कमी हायत, तू पण चल," बापूस म्हणाला, आणि रुपा गेली. तिथं कसला आलाय कॉम्प्युटर! पौषात म्हशाची यात्रा भरली, तीही तिला दिसली नाही.

शिमग्याच्या सणापुरती भट्टीवरची माणसं घरी परतली. रुपानं दुसऱ्याच दिवशी शहापूर गाठलं. आपलं नाव कधीच खोडलं असणार, हे ती धरूनच चालली होती. नाव गेलं म्हणजे वर्ष गेलं. आणि बापसानं तर बजावलंच होतं, वर्ष गेलं तर शिकणं बास, मग कायमची भट्टी. कॅफेत बसून तिनं फाईल उघडली.

'चौथा भाग – रुपा.' नाव जागच्या जागी होतं!

खाली काजलनं लिहिलं होतं, 'सर म्हणतात, रुपाचं नाव काढा.' त्याखाली जगन – 'नाव राहू दे. ती येईल.' मग सुरेंद्र – 'तिचा भाग मी उरकून टाकू का?' पुन्हा जगन – 'तिचं तिला लिहू दे. मी माहिती आणून ठेवतो.' आणि खरंच, घोंगड्या विकणारे काय म्हणाले, बैलांचा सौदा कसा झाला, सगळं त्यानं तिच्यासाठी मांडून ठेवलं होतं. रुपाला रडूच आलं. एवढे महिने कुणीतरी आपली वाट बघत होतं, आणि आपल्याला पत्ताच नव्हता!

डोळे पुसून ती एका बोटानं टाईप करू लागली. जगनच्या माहितीला तिनं आपलं जोडलं. यात्रेच्या दिवशी भट्टीवर बायका कशा म्हशाच्याच गोष्टी काढून बसतात, कुणी कुठल्या साली कसल्या बांगड्या भरल्या ते सांगतात... भाग पूर्ण होत आला, आणि खाली आपोआप एक ओळ उमटली.

'रुपा??? तूच ना गो?'

'मीच. तू कुठं हायस?'

'मुरबाडला, कॅफेत. हात बरं हायत ना तुझं?'

'भाजलेत थोडे. लिहिते तरी.'

'सावकाश लिही. मी हाय इथं.'

रुपानं आपल्या भागाचं शेवटचं वाक्य पुरं केलं. मग तिनं धीर केला. 'जगन... तू माझं नाव का नाय काढलंस?'

जगनची ओळ अर्धी उमटली, पुसली गेली. मग – 'थांब. सांगतो...'

आणि शहापूरची लाईट गेली. मेलं लोडशेडिंग! कॅफेवाल्यानं शटर अर्धं ओढलं, आणि रुपा चरफडत एसटी स्टँडकडे निघाली.

रविवारी सुरेंद्रनं प्रिंट काढून, बांधून आणलेला प्रकल्प सरांपुढे ठेवला. रुपा जगनकडे बघत होती, आणि जगन खिडकीबाहेर. याला झालं काय? तेवढ्यात सरांनी दोघांना टेबलाशी बोलावलं.

"अपूर्ण प्रकल्प मी घेत नाही," सर गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. सुरेंद्रनं न वाचताच सगळं छापून आणलं होतं! त्या दिवशीचं सगळं बोलणं... आणि त्याच्याही खाली रुपानं कधीच न पाहिलेली ओळ.

'कारण मला तू आवडतेस. आयेला सांगितलंय मी. तुझ्या बापसाला भेटायला येऊ का?'

"मला वाटलं तू वाचलंस... आणि गप राहिलीस," जगन पुटपुटला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"लाईट गेली होती रे!"

"प्रश्न आहे, उत्तर नाही," सर म्हणाले. "मी मार्क देऊ कसे?" आता मात्र त्यांच्या मिशा हलत होत्या. त्यांनी पेन पुढे केलं.

रुपानं पेन घेतलं. अक्षर ठसठशीत आलं.

'ये. पण या आठवड्यातच ये, नंतर बापूस परत भट्टीला जाईल. मी नाय जाणार. मला शिकायचंय, आणि ते तुझ्यामुळं जमलं. तुझं उपकार मी जन्मात विसरायची नाय.'

जगननं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग रुपाच्या हातातलं पेन मागून घेऊन त्यानं खाली लिहिलं, 'मंगळवारी येतो.'