भाव न करणारा सर्वेवाला

"मावशी, किरणोत्सर्गाच्या भीतीनं तुमची मासळी कमी खपते का?"

डोंबिवलीच्या मासळीबाजारात, भर रविवारी, गिऱ्हाइकांच्या घोळक्यात कुणी असं विचारतं का? रघूनं विचारलं, माझ्या आईला. तेही इतकं खणखणीत, की कोळंबीवर वाकलेल्या दोन बायका पिशव्या आवळून पुढे गेल्या.

"आतापर्यंत खपत होती!" आईच्या पाटीमागून मी म्हटलं. "आता विचार!"

एकोणनव्वद साल ते. खाडीपलीकडे अणुभट्टीतला कचरा पुरायचं घाटत होतं. तो आलाच, तर कोपरच्या आमच्या कोळीवाड्यात धंद्यावर, सोयरिकींवर काय परिणाम होईल, हे मोजायला वागळे इस्टेटमधल्या एका संस्थेनं रघूला धाडलं होतं. कचरा अजून यायचा होता. परिणाम मात्र हा स्वतःच घेऊन आला! बाजारभर बोभाटा झाला, की दगडाबाईची कोळंबी त्याच खाडीची. दगडाबाई म्हणजे माझी आई. आमचं घर तिच्या पाटीवर चालायचं.

दुसऱ्या दिवशी स्वारी हजर. चेहरा पाडून, केस कपाळावर... दिसायला बरा होता मेला, तोच तर वैताग!

"चूक झाली माझी. एक वाटा द्या. सांगाल तो भाव."

आईनं सांगितला, त्यानं मुकाट दिला. मागची बाई कुजबुजली, "भाव न करता घेतो? तपासायला नेत असणार गं!" झालं! अर्धी पाटी तशीच घरी आली. आठवडाभर हाच प्रकार.

शेवटी मी त्याला वाटेत गाठलं. "बाबा, हात जोडते तुला. मासळीला घासाघीस न करणारा माणूस एक तर येडा, नायतर सरकारी. भांडायला शीक!"

"तुमच्याशी?" तो हसला. "तुमच्याकडे बघितलं की... भावच विसरतो."

"मग कोळंबीकडं बघ!"

कान तापले माझे. रागानंच असतील... छे, रागानं नव्हते.

रविवारी तो आला आणि सुरूच झाला. "एवढ्याशा वाट्याला एवढा भाव? लुटता काय?"

"परवडत नसंल तर भाजी खा!" मी फटकारलं.

"दोन चिंबोऱ्या वर टाका, तर घेतो!"

"कशाला? जावई लागतोस?"

"लागायची तयारी आहे!"

बाजार खदखदून हसला. इतकं भांडतोय म्हणजे माल चांगलाच असणार, म्हणून बायकांचे हात पाटीत शिरले. बघता बघता कोळंबी संपली.

तो जवळ आला. आता हसत नव्हता. "सर्वे संपला. उद्यापासून येणार नाही. पण जावयाचं खरं बोललो मी, सरोज."

सुऱ्या पाटीत टाकत मी म्हटलं, "आमच्या गावात आता कोन सोयरीक करत नाय. कचरा आला तर? तुझी आई काय म्हणंल?"

"तिला सांगितलंय. आधी रडली... मग म्हणाली, पोरगी दाखव तरी. कचरा येऊ नये म्हणून मी तुमच्याबरोबर ओरडेन. आणि आलाच, तर... तू राहशील तिथे राहीन."

असल्या माणसावर रागवायचं तरी किती! आवडला होता मला, अगदी पहिल्या दिवसापासून.

आई निघायला उठली. पाटीत वजनं, सुऱ्या, उरलेला बर्फ होता. ती पाटी डोक्यावर द्यायला आमच्याकडे घरचंच माणूस लागतं, परक्याला आई हात लावू द्यायची नाही.

"उभा काय ऱ्हायलास?" मी खेकसले. "आईच्या पाटीला हात लाव!"

त्यानं लावला, अख्ख्या बाजारासमोर. आईनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे... आणि डोकं पुढं केलं.