अर्धा आटा

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलेली.

आणि ती रात्री घडलेली नाही. भर दुपारी तीन वाजता, पत्र्याच्या शेडमध्ये, दार सताड उघडं असताना घडली. अंधार असता तर मामांनी भास म्हणून सोडून दिलं असतं.

मामा मोटार मेकॅनिक. वीस वर्षं त्यांनी एका जोडीदाराबरोबर गॅरेज चालवलं. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून तो बिघाड सांगायचा, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणायचे. तो मामांना उस्ताद म्हणायचा.

दोघांची पद्धत ठरलेली. मामा नट आवळला की त्यावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायचे, नटावरून थेट खालच्या पत्र्यापर्यंत. रेघ सरळ, म्हणजे नट जागेवर. आणि एखादी गाडी अडली की मामा सीटवर, कानसेन बॉनेटखाली. पान्यानं दोनदा टकटक केलं की सेल्फ मारायचा. एकदाच वाजलं की थांबायचं.

शेवटच्या वर्षी मात्र मामांच्या हातची कामं परत यायला लागली. आज दुरुस्त केलेली गाडी उद्या बंद. कानसेन म्हणायचा, "तू बस उस्ताद, मी बघतो." पाच मिनिटांत गाडी चालू!

"उस्तादांचे आटे ढिले झाले," गिऱ्हाइकं हसायची. कानसेनही हसायचा.

मग एका संध्याकाळी मामांची स्वतःचीच गाडी शेडमध्ये अडली. कानसेन बॉनेटखाली बराच वेळ वाकला होता. शेवटी म्हणाला, "वय झालं रे आपलं. तू आता आराम कर."

मामा किल्ली तशीच ठेवून पायी घरी आले. त्यानंतर दीड वर्ष त्यांनी पाना हातात धरला नाही. घरातला बल्ब बदलायचा तरी मामींना सांगायचे, "तूच बदल, माझ्या हाताचा भरवसा नाही."

मग कानसेन गेला. झोपेतच. त्याचा तेरा नंबरचा पाना, मुठीला लाल टेप गुंडाळलेला, त्याच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, त्याच्या खिशातच राहू दिला. त्याच्याबरोबर तोही गेला.

दोन महिन्यांनी वहिनींचा फोन आला. "भावजी, शेड उद्या गोदामवाल्याला देतेय. तुमची गाडी घेऊन जा."

"वहिनी... गाडी मी माझ्या हातानं चालू केली, तर शेड मला द्याल?"

"तुम्हालाच देईन. पण आजच सांगा."

मामा नवी बॅटरी आणि कॅनभर पेट्रोल घेऊन गेले.

गाडी चालू न होण्याची कारणं त्यांना तोंडपाठ. बॅटरी? नवी बसवली. पेट्रोल? जुनं काढून ताजं भरलं. फ्यूज? शाबूत. प्लग? कोरडे. हॉर्न खणखणीत वाजला, दिवेही लागले.

किल्ली फिरवली.

टिक.

दिवे मंद झाले आणि इंजिन हललंसुद्धा नाही.

मामा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. खरंच हात गेले होते म्हणायचे.

तेवढ्यात...

टक. टक.

वीस वर्षांची सवय. विचार करायच्या आत मामांनी सेल्फ मारला.

टिक.

मग... टक. एकदाच.

मामा थांबले. आणि मग त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

वर केलेल्या बॉनेटच्या खाली, काचेसमोर, बोटभर फट असते. त्या फटीतून त्यांना नेहमी कानसेनचा खाकी शर्ट दिसायचा. आत्ता तिथून ऊन येत होतं.

बघता बघता ते ऊन झाकलं गेलं...

"कोण आहे?"

फट पुन्हा उजळली. मामा उतरून पुढे गेले. कोणी नव्हतं.

पण बॅटरीच्या खाली, अर्थची वायर जिथे पत्र्याला आवळलेली असते त्या नटावर, एक पाना अडकवलेला होता. तेराचा. लाल टेपवाला.

मुठीला हात लावला. कोमट होती.

मामांनी पाना बाजूला काढला आणि त्यांना पिवळी रेघ दिसली. त्यांचीच रेघ. पत्र्यावर एका बाजूला, नटावर दुसऱ्या बाजूला. नट अर्धा आटा ढिला होता.

आपोआप ढिला झालेला नट असा मोजून अर्ध्यावर थांबत नाही. मामांना परत आलेली एकेक गाडी आठवली. त्यातल्या एकीच्याही बॉनेटखाली कानसेननं त्यांना डोकावू दिलं नव्हतं. 'तू बस, मी बघतो.'

मामा तिथेच फरशीवर बसले. ज्याच्या डब्यातलं वीस वर्षं खाल्लं, त्यानं केसानं गळा कापला होता. आणि त्यांनी मात्र दीड वर्ष स्वतःच्या हातांना शिव्या घातल्या होत्या.

मग मनात आलं, बिचारा कबूल करायला आला असेल. मामांचा राग निवळला. त्याच पान्यानं त्यांनी नट आवळला, ताजी रेघ ओढली, किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू!

ती बंद करून मामा धावतच शेजारी वहिनींच्या घरी गेले. "शेड माझी!" पाच मिनिटांत परत आले. किल्ली फिरवली.

टिक.

रेघेचा रंग अजून ओला होता. रेघ मधोमध तुटली होती... अर्ध्या आट्यानं.

आणि पाना कुठेच नव्हता.

शेड मामांनी सोडली नाही. गॅरेज आज चालतं, जोरात चालतं. पण ते आता सीटवर बसत नाहीत. रोज सकाळी प्रत्येक गाडीची रेघ तपासतात, तुटलेली असेल तिथे मुकाट्यानं नट आवळतात. का केलंस, हे विचारायची सोय नाही, एवढंच त्यांना डाचतं.

मागच्या महिन्यात मी तिथे उभा होतो. मामा एका गाडीच्या बॉनेटखाली वाकले होते. गाडीत कोणी नव्हतं. मी स्वतः पाहिलं होतं.

टक. टक.

मामांनी मान वर केली नाही. एवढंच म्हणाले, "तू बस. मी बघतो."

आणि रिकाम्या सीटची स्प्रिंग... हळूच करकरली.