कोपऱ्यातली फुली

पटो न पटो, हे घडलेलं आहे. ज्याच्या घरात घडलं तो माणूस आजही त्याच घरात राहतो. सगळे त्याला भाऊ म्हणतात.

भाऊ आणि त्याची बायको चष्म्याच्या काचांच्या एकाच कारखान्यात कामाला. ती सर्व्हर सांभाळायची, तो बाकीचे कॉम्प्युटर. तिच्या सर्व्हरवर चित्रं नव्हती, माऊस नव्हता. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. कोणी नाक मुरडलं की म्हणायची, "सर्व्हरचं काय तोंड बघायचंय? काम बघा."

तिची एक सवय होती. घरी निघताना ती आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा माऊसचा बाण खाली डाव्या कोपऱ्यात सारायची. मग पर्स उचलायची. बाण कोपऱ्यात, म्हणजे बाईसाहेब निघाल्या. भाऊ त्यावरून तिची थट्टा करायचा.

ती देवाघरी गेली त्याला वर्ष होत आलं होतं.

साहेबांनी सांगितलं, आता सगळ्यांना घरून त्या सर्व्हरवर डेस्कटॉप, म्हणजे चित्रांचा, माऊसचा नेहमीचा पडदा दिसायला हवा. आणि उठता उठता म्हणाले, "भाऊ, वहिनींचं सर्व्हरवरचं खातंही काढून टाका आता."

सुट्टीची दुपार. कारखाना बंद. सर्व्हरच्या खोलीची किल्ली भाऊच्या खिशात. घरी बसूनच त्याने सगळं बसवलं आणि स्वतःसाठी पहिला पडदा सुरू केला...

सर्व्हर प्रत्येक पडद्याला एकपासून ओळीने नंबर देतो. त्याला दोन नंबर दिला.

एक नंबर कोणाकडे? अजून कोणाला दिलाच नव्हता.

असेल काही चूक, असं म्हणून त्याने नकोसं काम उरकायला घेतलं. तिचं खातं काढायचा हुकूम टाइप केला. बराच वेळ बोट तसंच राहिलं. मग एन्टर दाबलं.

उत्तर आलं...

काढता येत नाही. या खात्यावर सध्या काम चालू आहे.



त्याने एक नंबरचा पडदा उघडला. पासवर्ड विचारला गेला. त्याने तिचा जुना टाकला.

चालला.

नुसता करडा पडदा. मधोमध बाणाच्या जागी एक काळी फुली. पडदा बसवताना डेस्कटॉप सुरू करायची ओळ सेटिंगमध्ये लिहायची राहिली, की असं दिसतं. नवशिक्याची चूक. आणि तिने हे काम कधीच केलं नव्हतं.

भाऊचा हात माऊसवर नव्हता.

फुली हलली...

हळूहळू खाली. मग डावीकडे. कोपऱ्यात जाऊन थांबली.

कारखाना ते घर, दोनच गल्ल्या. भाऊ खुर्चीतून हलला नाही. आतल्या खोलीत फ्रिजची घरघर चालू होती. तीही बंद पडली.

मग दाराच्या कुलपात किल्ली फिरली...

तिची किल्ली तर खिळ्यावरच लटकत होती.

त्याने दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. जिन्यातही चाहूल नव्हती.

ते खातं अजून तसंच आहे. साहेबांना त्याने सांगितलं, काढलं म्हणून. रोज घरी आल्यावर, बूटही न काढता, तो आधी एक नंबरचा पडदा उघडून बघतो.

फुली अजून कोपऱ्यातच आहे.

म्हणजे ती परत कामावर गेलेली नाही...